नव्वदचे पेढे

पक्षाघातानंतर दोन महिने मी रोज दवाखान्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसतोय. पडद्यावर चित्रं दिसतात, लपतात आणि कुठलं कुठे होतं ते मी बोटानं दाखवायचं. गेले तीन आठवडे मी शंभरपैकी नव्वदच्या खाली उतरलेलो नाही. नव्वद झाले की माझी बायको कुमुद पेढे वाटते. आता वॉचमनसुद्धा विचारतो, "सर, आज किती?"

आज नेहमीच्या मॅडम रजेवर होत्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलीनं माझी फाइल उघडली. "काका, तुम्ही सहाव्या पातळीवर होतात ना? मग दुसरीवर का आणलंय?" खालचा शेराही तिनं मोठ्यानं वाचून टाकला. 'पत्नीच्या विनंतीवरून सोपं केलं. पेशंटला सांगू नये.'

मी कुमुदकडे पाहिलं. ती पर्सची चेन उघडबंद करत होती. "पहिला महिनाभर घरी येऊन रडायचात हो तुम्ही. मला बघवेना."

चौतीस वर्षं मी गणित शिकवलं. एका मार्कानं गेलेल्या पोरांचे बाप दारात यायचे, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. हिच्या सख्ख्या भाच्यालाही सोडलं नाही. सगळं हिच्यादेखत. आणि हिनंच मला फुकटचे मार्क दिले!

"सहावी लाव," मी त्या मुलीला म्हणालो.

अठरा मिळाले. कुमुदनं तरीही पेढ्यांचा डबा उघडला.

"झाक तो," मी म्हणालो. "नापास झालोय मी. आणि माझ्या निकालाला पुन्हा हात लावू नकोस."