राहिलेलं प्रकरण

दहाव्याला वाघनदीच्या काठी बायकोच्या पिंडाला कावळा शिवेना. मेहुणा हात जोडून म्हणाला, “बाई, तुज्या गाईले मी सांभाळीन.” म्हातारा शेजारी म्हणाला, “तुज्या नवऱ्याले उपाशी ठेवनार नाही.” कावळा फांदीवरच बसून राहिला. तिचं काय राहिलं होतं, ते मला ठाऊक होतं. लहानपणी वाचलेल्या रहस्यमालेतलं एकच पुस्तक माझ्याकडे उरलं होतं. कंदिलापाशी ती विड्या वळायची आणि मी वाचून दाखवायचो. शेवटचं प्रकरण राहिलं आणि तिला ताप आला. “हार कोनं चोरला, तेवढं सांगा ना जी,” ती म्हणायची. “बरी हो, मंग वाचतो,” मी म्हणायचो. मेहुणा पुटपुटला, “भाऊजी, तुमीच बोला. ऊन चढून राहिलं.” मी पिंडाशी वाकलो. चोराचं नाव ओठांवर आलं. ते सांगताच ती कायमची जाणार होती. हळूच म्हणालो, “घरी चल, वाचून दाखवतो.”