चाखलेले बोल्ट

देवरावनं सहावा बोल्ट जिभेला लावला, डोळे मिटले, बाजूला थुंकला आणि म्हणाला, "पक्का!"

बोल्ट पितळी वाटीत पडला. वाटीत सहा झाले.

परतवाड्यात, घाटाच्या पायथ्याशी ह्या देवराव मिस्त्रीचं गॅरेज. लोखंडाची चव त्याला अशी ठाऊक, की एकदा बडनेरा स्टेशनात त्यानं रुळाला जीभ लावली आणि मेल भुसावळहून किती उशिरा सुटली ते सांगितलं. स्टेशनमास्तरनं तार करून विचारलं. बरोबर निघालं. ज्याला पटत नसेल त्यानं रूळ चाखून पाहावा.

गॅरेजात उभी होती अमरावतीच्या कमलाकांत वकिलांची अमेरिकन गाडी. हिला क्लच नाही. क्लचच्या जागी तेलानं भरलेलं एक गोल धूड. कागदावर त्याचं नाव टॉर्क कन्व्हर्टर, गॅरेजात त्याचं नाव कोहळं. जुनं कोहळं फुटलं. मुंबईहून दुसरं आलं, ते भलत्याच कंपनीचं, अन् वर बोल्टांशिवाय. जुने बोल्ट त्याच्या आट्यांत बसेनात. नवा बोल्ट जरा लांब निघाला तर कोहळ्याच्या पोटात घुसणार. आखूड निघाला तर धरणार नाही. आणि लांबी बरोबर पण लोखंड कच्चं, तर सपाटीवर गाडी गुमान चालेल आणि घाटात जोर आला की सहाच्या सहा तुटतील. मग गाडी मागं येते. मागं दरी. वकिलांचे ब्रेक तर असे, की दाबले की पुढची तारीख द्यायचे.

देवरावचा धाकटा भाऊ शेषराव हे सगळं जाणून होता. त्याचं लग्न झालं, कानशिलं पिकली, तरी गावात तो 'देवरावचा भाऊ'च. पाटीवर नाव देवरावचं. नव्या पाटीचा रंग शेषरावनं कधीच ठरवून ठेवला होता. निळा.

देवराव नळावर हात धुवायला गेला. शेषरावनं वाटीतले सहा बोल्ट काढून बाकाखालच्या चिंध्यांत कोंबले आणि वाटीत दुसरे सहा ठेवले. लांबी तीच, आटे तेच, लोखंड कच्चं. पक्क्यासारखे दिसावेत म्हणून तेलात भाजून काळे केलेले. देवराव काही पुन्हा जीभ लावणार नव्हता. एकदा चाखलेला बोल्ट परत चाखणं त्याला उष्टं खाल्ल्यासारखं वाटायचं.

तेवढ्यात मागच्या दारातून शेषरावची बायको सिंधू डबा घेऊन आली. भाऊ दोघं निंबाखाली जेवले. ती आत सावलीत बसून राहिली. जेवणं झाली, तिनं डबा आत नेला आणि फडक्यात बांधला. गाठ मारताना डबा जरासा वाजला.

देवरावनं वाटीतले बोल्ट घेतले आणि पार घाम फुटेस्तोवर कसले.

त्याच्या गॅरेजची एक रीत होती. दुरुस्त झालेली गाडी पहिल्यांदा घाट चढताना मिस्त्रीच्या घरचं माणूस आत बसलंच पाहिजे. दर वेळी तो स्वतः बसे. वकील स्टिअरिंगवर बसले, वकिलीणबाई शेजारी. शेषरावनं थोरल्या भावासाठी मागचं दार उघडून धरलं. इतकी अदब त्यानं जन्मात दाखवली नव्हती.

"भाऊजी, तुमी राहा," सिंधू डबा काखेत मारून पुढं आली. "आज मी बसीन. इतकी वर्सं पायथ्याशी काढली, चिखलदरा काई पाह्यलं नाई."

"जा ना!" देवराव हसला. "माह्या बोल्टाचा भरोसा हाय म्हना तुले."

शेषरावनं दार अर्धं लोटलं. "तिले गाडी लागते," तो म्हणाला.

"मंग लिंबू घे," देवराव म्हणाला.

सिंधूनं एक पाय आत टाकला आणि नवऱ्याकडं पाहिलं. "बसू ना?"

'नको' हा एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दामागून 'काहून?' आलं असतं, आणि त्याच्यामागून वाटी. शेषरावनं भावाकडं पाहिलं, पाटीकडं पाहिलं.

"बसू ना मी?" तिनं पुन्हा विचारलं.

"बस," शेषराव म्हणाला आणि दार लावलं. नीट लागलं नाही, म्हणून परत आपटलं.

गाडी घाटाकडं गेली. शेषराव नळाशी जाऊन रडून पाहू लागला. पहिलं रडणं काही जमलं नाही. दुसरं बरं निघालं. लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं? 'तिचीच हौस होती.' हे उत्तर त्याला आवडलं. ते त्यानं दोनदा म्हणून पाहिलं.

ऊन कललं आणि घाटाकडून भोंगा वाजला.

"मिस्त्री, काय चढली हो!" वकील उतरता उतरता ओरडले. "घाट आहे की सपाट रस्ता, कळलंच नाही!" मागून सिंधू उतरली. केसांत रानफूल, काखेत डबा.

शेषरावला उमजेना. कच्चे बोल्ट घाट चढले कसे? मग त्याच्या मनानं घेतलं, की देवानंच सांभाळलं. बायको वाचली, अन् कुणाला कळलंही नाही. त्याला एकदम सपाटून भूक लागली.

"उरलं काय काई डब्यात?"

"उरलं ना. तुमच्यासाठीच जपून ठेवलं."

तिनं गाठ सोडली, झाकण काढलं. आत सहा बोल्ट होते, तेलात भाजून काळे केलेले.

"चाखून पाहा," सिंधू म्हणाली. "तुमी जेवत होते, तवाच चिंध्यांतल्याशी बदलले म्या. 'बस' म्हनलं तुमी, तवा हे माह्या काखेतच होते."