उन्नतीचं रुखवत

अक्षता पडून गेल्या होत्या, पंगतीला अजून अवकाश होता. चामटोलीच्या मांडवात रुखवताभोवती बायकांची झुंबड उडाली होती, आणि भगवंत मुद्दाम चार हात लांब, खांबाला टेकून उभे होते.

टेबलावर इवलंसं घर. भाताच्या पेंढ्याचं छप्पर, ताटाएवढं सारवलेलं अंगण, दोरीवर वाळत घातलेलं बोटभर लुगडं. घरामागं मिठागर, त्यात खऱ्या मिठाच्या चिमूट चिमूट राशी.

"आमच्या उन्नतीनं केलं गो समदं," नवरीची आई गयाबाई येईल तिला सांगत होती. "हातात कला हाय पोरीच्या."

भगवंतांनी मान खाली घातली. ठरलंच होतं तसं. रुखवत त्यांच्या मुलानं, धर्मेशनं बनवायचं, नाव नवरीचं सांगायचं. धर्मेशला ही अट जरा लागली होती. भगवंतांना मात्र ती देवानं धाडल्यासारखी वाटली. अंबरनाथच्या कंपनीतला शिफ्ट इन्चार्ज पोरगा राजीनामा देतो आणि आई-बायकोला घेऊन घरात लोकांच्या रुखवतांसाठी पेंढा विणत बसतो, हे चार माणसांत सांगायचं कसं? दिवसाढवळ्या घरी दिसतो म्हणून कुणी विचारलंच, तर 'नाइट शिफ्ट हाय' म्हणून ते मोकळे व्हायचे. वर्ष होत आलं, शिफ्ट काही बदलत नव्हती.

नवऱ्याचा मामा, आनंदा, तोंडात पान घोळवत पुढं आला. दोन बोटांनी त्यानं घराचं छप्पर उचललं, आत डोकावला.

"पोरीनं केलं? सोडा ओ विहीणबाई. मशीनचा माल हाय ह्यो. उल्हासनगरच्या मार्केटात ढिगानं मिलतो."

बायका फिदीफिदी हसल्या. गयाबाईचा चेहरा पडला.

भगवंतांच्या कानात एकच शब्द शिरला. मशीन. पेंढ्याची एकेक काडी ओल्या फडक्यात निजवणारा धर्मेश त्यांना दिसला. बोटभर लुगड्याचा काठ पुन्हा पुन्हा उसवणारी सून, भाविका. अंगण वाळेपर्यंत पदरानं माशा वारत बसलेली वेणू, त्यांची बायको. पेपर तोंडापुढं धरून का होईना, त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"मशीन?" त्यांचा आवाज मांडवाच्या कापडाला जाऊन लागला. "छप्पर खाली ठेव आधी, आनंदा! काडी मोडली तर तुजी मशीन येनार हाय का जोडायला? माज्या पोरानं विनलंय ते. हातानं! माज्या धर्मेशनं!"

वाजंत्रीवाल्याची पिपाणीसुद्धा ओठाशीच थांबली.

मग भगवंतांना कळलं, आपण काय करून बसलो. गयाबाईनं पदर तोंडाला लावला. पलीकडं पाहुण्यांत उभा असलेला धर्मेश बापाकडं बघतच राहिला.

"असं होय!" आनंदाला चेव आला. "मंग नवरीनं काय केलं?"

सगळ्या माना उन्नतीकडं वळल्या. पोरीच्या गालावरची हळद अजून उतरली नव्हती. तिनं आईकडं पाहिलं, टेबलावरच्या घराकडं पाहिलं. ओठ मुडपून हसली, आणि खणखणीत नाव घेतलं:

"घर बांधलं धर्मेशदादानं, अंगण सारवलं वेणूकाकूनं,
समर्थरावांचं नाव घेते, मी नुसतं पाहिलं वाकून!"

मांडवात हसू फुटलं ते आवरेना. समर्थ मुंडावळ्या सावरत हसत होता. आनंदाला तर पान गिळावं की थुंकावं कळेना.

"भाच्या, खरं बोलनारी मिलाली रं तुला! आता तुजं काय खरं नाय!"

"आणि लुगडं?" भाविका गर्दीतनं ओरडली. "आमचं नाव कुठं गेलं?"

"सत्यनारायणाला घेते, वहिनी!"

गयाबाईसुद्धा पदराआड हसली. पाहता पाहता धर्मेशभोवती बायकांनी कडं केलं. कुणाला दिवाळीनंतर लेकीच्या लग्नात असंच रुखवत हवं होतं, कुणाला पुतणीच्या.

पंगत बसली. भगवंतांनी वरणभात कालवला, पण घास काही तोंडाशी जाईना. पोराच्या नजरेला नजर देण्याचा धीर अजून झाला नव्हता. तो तिकडं टेबलाशी छपराची विसकटलेली काडी बसवत होता.

गोजरबाई तिथंच काठी टेकत आली. गावातली सगळ्यात म्हातारी, माहेरी मिठागरात राबलेली. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. चाचपत तिचं बोट मिठाच्या राशीवर गेलं. तिनं ते जिभेला लावलं आणि जागच्या जागी थांबली.

"आगर हाय गो ह्यो," ती हळूच म्हणाली. "माज्या बापाचा आगर."

मग ओल्या डोळ्यांनी तिनं धर्मेशच्या तोंडावरून हात फिरवला. "गुनाचा हाय. कोनाचा रं तू, बाला?"

धर्मेशनं हातातली काडी खाली ठेवली. त्यानं पंगतीकडं पाहिलं. बापाचं नाव घ्यावं की नको, एवढंच त्या नजरेत होतं, आणि ते भगवंतांना पंगतीतूनही दिसलं.

भरल्या पानावरून उठू नये म्हणतात. भगवंत उठले. दोन माणसं ओलांडून, एकाचा द्रोण लवंडून, वरणभाताचा हात तसाच उंच धरून ते निघाले. वाढपी ओरडत होता, लोक बघत होते.

"माजा, गोजरआये!" ते लांबूनच सांगत सुटले. "माजा हाय तो!"