श्रीरंगच्या डोक्यातला भाई

सिनेमा पूर्ण झाला होता. भूमिकेसाठी श्रीरंग केळुसकरच्या मेंदूत भरलेला भाई आज काढून टाकायचा होता. आधी गल्लीतला गुंड, पुढे सुपरहिरोलाही लोळवणारा महाखलनायक. त्याच्या आठवणी, त्याचा राग, सगळं पुसायचं होतं.

“डोळे मिटा,” मशीनपाशी उभे असलेले डॉक्टर म्हणाले.

“नको. राहू द्या त्याला,” श्रीरंग म्हणाला.

“अहो, असं काय करता?” त्याची बायको मृदुला कळवळली. “मला तुम्ही परत हवे आहात.”

“आयुष्यभर मी पडद्यावर चहा आणून देत होतो. कुणी नाव विचारलं नाही. याला बघून लोक वाट सोडतात.”

मृदुला रडत दाराकडे निघाली.

“बस खाली,” तो हळूच म्हणाला.

तो आवाज श्रीरंगचा नव्हता. मृदुला बसली. डॉक्टरही बसले.