परतणारं यान

पडद्यावरचं यान पृथ्वीकडे वळलं आणि यामिनी ताडकन उठली. तिने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात ते यान कधीच परतत नव्हतं. पण थिएटरच्या खुर्च्या प्रेक्षकांची नाडी वाचत आणि त्यांच्या मनातला शेवट तिथल्या तिथे तयार होई. गावोगावी यान परतत होतं, चित्रपट तुफान चालत होता. खरा शेवट एकदा तरी पाहायचा, म्हणून तिने आज अख्खं थिएटर घेतलं होतं.

"हेरंब, इथे आपण दोघंच आहोत."

पटकथा लिहिणारा हेरंब खाली बघत म्हणाला, "मला ते परतलेलंच आवडतं गं."

"आणि 'गर्दीला काय कळतंय' म्हणत माझ्या बाजूने निर्मात्याशी भांडलास, ते?"

"तुझ्यासमोर दुसरं काय बोलणार? आणि सगळ्यांना आवडलं म्हणजे ते वाईटच का?"

"बाहेर जा."

तो गेला. तिने शेवट पुन्हा लावायला सांगितला आणि एकटीच बसून राहिली. यान दूर जात जात ठिपक्याएवढं झालं. ती समाधानाने मागे रेलली.

मग तो ठिपका हळूहळू मोठा होऊ लागला.