बियाची बांधी

भागीरथाबाई शिदोरी घेऊन वावराच्या धुऱ्यावर, बांधावर पोचली, तेव्हा धान कापायची मशीन तिच्याच बांधीत शेवटचं वळण घेत होती. शिदोरी तिथंच टाकून ती मशीनसमोर धावली. चालक लच्छूनं घाबरून मशीन थांबवली, पण आता थांबवून काही उपयोग नव्हता. उभं धान उरलं होतं ते फक्त चार कोपऱ्यांत, मशीन पोचत नाही तेवढंच.

ती बियाची बांधी होती, पुढच्या पेरणीचं बियाणं राखायचा वावराचा तुकडा. साऱ्या वावराचं धान कापून झालं तरी ती शेवटपर्यंत उभी ठेवायची, तिला मशीन लावायची नाही, विळ्यानं कापायची आणि वेगळी झोडायची, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. बाकी सगळ्यांनी केव्हाच दुकानाचं बियाणं धरलं होतं. जुन्या लुचई वाणाचं धान राखलं होतं ते एकट्या भागीरथाबाईनं. आता ते मशीनच्या टाकीत पडलं होतं, शेजारच्या मुखरूच्या धानात मिसळून. ते खाता आलं असतं. पेरता आलं नसतं.

"कोनं सांगतलं रे तुले इथी मशीन घालाले?"

लच्छूनं सडकेकडे बोट केलं. वावराला लागूनच सडक होती आणि तिथं मोटारसायकलवर रोशन बसला होता. गावोगाव फिरून मशीनला काम मिळवायचं आणि कुठून कुठवर कापायचं ते चालकाला दाखवायचं, हा त्याचा धंदा. अंगात मालकाचं नाव छापलेला शर्ट, पायात पांढरे नवेकोरे बूट. सकाळी बांध्यांमध्ये ओल होती, म्हणून हे साहेब गाडीवरून उतरलेच नाहीत. बसल्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ते उभं आहे ते सगळं." मुखरूचं धान आणि बाईची बांधी यांच्यामधला बुटका धुरा पिकलेल्या धानात गाडीवरून दिसत नव्हता. मुखरू पोती आणायला घरी गेला होता. तो असता तर त्यानं तिथंच आडवं पडून मशीन अडवली असती.

भागीरथाबाई तरातरा सडकेवर गेली. "डोळे फुटले होते का तुहे? पाय मोडले होते?"

"चूक झाली, बाई," रोशन म्हणाला. "मी तं साधा मानूस. तुम्ही मालकासंगंच बोला." आणि त्यानं फोन लावून सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. तोवर मुखरू पोती घेऊन आला होता, आणखीही दहा-बारा लोक जमले होते.

मालक प्रणितभाऊ चामोर्शीत बसून बोलत होते. "बाई, मी मुखरूचं धान कापाले सांगतलं होतं. तुमचं कापाले सांगतलं का? नाई ना? मंग ते त्यानं आपल्या डोक्यानं केलं. त्यालेच धरा."

"मानूस तं तुमचाच ना?"

"कोन रोशन? असे कमिशनवाले कितीक फिरतात. तो काई आपला मानूस नाई."

फोन बंद झाला.

रोशनचं तोंड उतरलं. याच मुखरूच्या ओसरीवर चहा पिताना तो छाती फुगवून म्हणाला होता, "माहा शब्द तोच प्रणितभाऊचा शब्द." मशीनच्या पत्र्यावर हातभर अक्षरांत मालकाचं नाव रंगवलं होतं आणि त्याच्याखाली रोशनचा फोन नंबर. जमलेले लोक तेच वाचत उभे होते. काय माणसं असतात एकेक! काम आणलं की आपला पोरगा, नुकसान झालं की कोण कुठला.

भागीरथाबाई वाद घालत बसली नाही. ती परत वावरात उतरली, लुगडं खोचून मशीनच्या शिडीवर चढली, लच्छूच्या समोरून चाबी उपटली आणि पदराच्या गाठीत बांधली.

"ज्याची मशीन, तो येईल मांगाले," ती म्हणाली आणि सडकेवर येऊन उभी राहिली. लच्छूनं घाईघाईनं मालकाला फोन लावला.

थोड्याच वेळात रोशनचा फोन वाजला. या वेळीही त्यानं तो सगळ्यांना ऐकू येईल असाच धरला.

"अबे रोशन, काय करून राह्यला तू तिथी? ती बाई चाबी घेऊन बसली म्हन्ते! मशीन माही आहे, तिच्या बापाची नाई! दुपारी दुसऱ्या गावी जाची आहे मशीन. तू आपला मानूस आहेस ना? घे चाबी तिच्यापासून!"

रोशननं पत्र्यावरच्या स्वतःच्या नंबराकडे पाहिलं.

"कोन रोशन?" तो म्हणाला आणि फोन बंद केला.

लोक खदखदून हसले. भागीरथाबाई हसली नाही. तिला त्याची दया आली नव्हती, आणि का यावी?

"हे तू त्याले सांगतलं. मले काय सांगतं?" ती म्हणाली. "माहं बियानं गेलं ते तुह्याच बोटानं ना? बूट काढ. उतर बांधीत."

रोशन गाडीवरून उतरला. खाली बसून बुटाचे बंद सोडू लागला. खिशात फोन पुन्हा वाजायला लागला होता. भागीरथाबाईनं कमरेचा विळा काढून त्याच्यापुढे धरला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या धानाकडे बोट दाखवलं.

"तो कोपरा तुहा. तेवढंच बियानं राह्यलं, एकही लोंबी खाली पडाले नोको," ती म्हणाली. "त्याच्या बाजूचा मालकाचा. त्यानं येऊन तो कापला का मंग चाबी देते."