भरलेली पिशवी

बारामती एमआयडीसीतल्या डेअरीत कामाला असलेल्या श्रीपतीनं बायकोच्या हौसेखातर एका कंपनीचं सभासदत्व घेतलं. भिगवणच्या पाण्याकाठी तंबूत राहायचं, वर्षातून दोन रात्री, जन्मभर. दर उन्हाळ्यात लक्ष्मीबाई पिशवीत दोन चादरी आणि शेंगदाण्याची चटणी भरायची. दर उन्हाळ्यात कंपनीचा माणूस सांगायचा, "बुकिंग फुल्ल हाय, पुढच्या वर्षी या."

अठ्ठ्याण्णव साली कंपनीचं दिवाळं निघालं. तंबू लिलावात मंडपवाल्यांनी उचलले.

"पिशवी रिकामी कर आता," श्रीपती म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या की. कुनीतरी कंपनी घेईल चालवायला," म्हणत तिनं ती खुंटीला अडकवली.

पुढच्याच वर्षी लक्ष्मीबाई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मंडपवाल्यानं दारात तंबू ठोकला. तिच्या फोटोला हार घालताना श्रीपतीची नजर वर गेली. कापडावर त्या कंपनीचं चिन्ह होतं, गुलाबी रोहित पक्षी, उन्हानं विटलेला.

दिवस मावळला, पाहुणे पांगले. मंडपवाला दोर सोडायला लागला, तसा श्रीपतीनं त्याचा हात धरला.



"आजची रात ऱ्हाऊ दे, बाबा. तिची पिशवी भरलेलीच हाय."